ख्शानला वास नाही

१४ ऑक्टोबर

आईने आज ख्शान माझ्या हवाली केला. म्हणजे नुसतं ते जहाल मूळ नव्हे, सगळं खातंच. कुंपणालगतचा वाफा, फावडं, किसणी, बरण्या आणि ईस्टरच्या सकाळची जबाबदारी. मनगटं दुखतात म्हणाली. हे सांगताना ती चुलीसाठी लाकडं फोडत होती.

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. तीस वर्षं शाळेत साहित्य शिकवलं, दोन ओळींच्या मधलं कसं वाचायचं ते मुलांना सांगितलं. जूनमध्ये निवृत्त झालो. तेव्हापासून शहरातल्या चौथ्या मजल्यावर मी आणि रेडिओ. म्हणून ही वही.

आमच्याकडे ईस्टरची न्याहारी ख्शानशिवाय सुरू होत नाही. रिकाम्या पोटी प्रत्येकाने कच्च्या मुळाचा एक काप चावायचा, नाकातून कपाळात कळ जाऊ द्यायची, डोळे पुसायचे, मग चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेलं अंडं. साठ वर्षं हे आईच्या हातचं होतं. गावात तिच्या ख्शानचं नाव आहे. तिच्या नाकाचं त्याहून मोठं. लोक खारवलेले हॅम घेऊन येतात. ती हाडाशी लाकडी काडी खुपसते, काढून हुंगते आणि सांगते, खा किंवा पुरा. यावर कोणी वाद घातल्याचं मला आठवत नाही.

या नाकासमोर मला परीक्षा द्यायची आहे. शाळेत मी कधी एवढा अवघड परीक्षक नेमला नव्हता.

२२ ऑक्टोबर

लिदकाचा फोन. माझी बहीण वीस वर्षं आयर्लंडमध्ये आहे. तिकडे ख्शानला हॉर्सरॅडिश म्हणतात आणि साय घालून बाटलीत भरतात. जगात काय काय सहन करून लोक जगतात.

तिचं म्हणणं नेहमीचंच. चौऱ्याऐंशीव्या वर्षी आईने एकटीने राहू नये. आपल्या शहरात नन चालवतात त्या वृद्धाश्रमात ईस्टरनंतर एक खोली रिकामी होणार आहे, खिडकी बागेकडे आहे. ती ईस्टरला येईल, आईला डोळ्यांनी बघेल आणि ठरवेल. तोवर घरात काही वेडंवाकडं घडलं तर मी लगेच कळवायचं.

मी म्हटलं, काही घडत नाही. आई ठणठणीत आहे. फक्त मला ख्शान जमत नाही.

आईला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, ननच्या बागेत काय लावलंय? मी म्हटलं, बहुतेक गुलाब. ती म्हणाली, "गुलाब मी काय करू, लोणच्यात घालू?"

२८ ऑक्टोबर

पहिलं मूळ खणलं. पुस्तकात ते सरळ, बोटाएवढं जाड असतं. माझं निघालं ते एखाद्या जुन्या भांडणासारखं, फाटे फुटलेलं आणि तळ न लागणारं. शेवटी तुटलं. मी चिखलात बसलो.

थंडी होती म्हणून खिडक्या लावून किसायला बसलो. ख्शान उघड्यावर किसतात हे मला माहीत होतं. मी हजारो वेळा पाहिलंही होतं. दुसऱ्या मिनिटाला दिसेनासं झालं. दार समजून मी साठवणीच्या कपाटात शिरलो आणि आत थोडा वेळ उभा राहिलो.

आईने चमच्याच्या टोकाने चाखलं. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झालं.

"डंख आहे," ती म्हणाली. "वास नाही."

मी बरणी हुंगली. मला तर वास आला. पण माझ्या नाकाला कोण विचारतो.

६ नोव्हेंबर

अभ्यास केला. किसल्यावर लगेच व्हिनेगर घातलं तर ख्शान मवाळ होतो, थोडं थांबून घातलं तर जहाल. मी अर्धा मिनिट, दोन मिनिटं आणि चार मिनिटं थांबून तीन बरण्या केल्या. चिठ्ठ्या लावल्या. आईने तिन्ही चाखल्या. तिसरीला तिचं कपाळ घामेजलं. निकाल तिन्हींचा एकच. डंख आहे, वास नाही.

मग दोष मातीत असणार. पुस्तक म्हणतं, जुना वाफा दमतो, माती खोल भुसभुशीत करावी. शेजारच्या हिपोलितकडून पॉवर टिलर मागून आणला. हिपोलित निवृत्त बस ड्रायव्हर आहे. यंत्र देताना त्याने विचारलं, कशाला हवं? मी म्हटलं, बाग जरा मोकळी करतो. वाफ्यात पूर्ण फिरवला. हात बसला, उत्साह आला, म्हणून तसाच पुढे भाज्यांच्या सगळ्या जमिनीतही फिरवला. तीन तासांत बाग पिठासारखी मऊ. कोपऱ्यातल्या खांबाशी यंत्र जाईना, तेवढा एक गड्डा राहिला.

हिपोलित कुंपणावर कोपर टेकून शेवटची फेरी बघत होता.

"ख्शान मारताय की पेरताय?" त्याने विचारलं.

मग त्याने समजावलं. नखाएवढा तुकडा मातीत राहिला तरी त्याचं झाड होतं. मी वाफ्याचे काही हजार तुकडे करून बागभर समान वाटले होते. पेरणी यंत्रालाही इतकी एकसारखी जमली नसती.

"तुम्ही शिक्षक ना," तो यंत्र घेऊन जाताना म्हणाला. त्यात प्रश्न नव्हता.

३ डिसेंबर

आईकडे आता शनिवारबरोबर मंगळवारीही जातो. तिनेच सुचवलं. ख्शान अशा अर्धवट कष्टाने येत नाही म्हणे.

हिपोलितने कुंपणापलीकडे डुकराचं खत पसरलंय. बसमधून उतरल्यापासून मी नाकाला रुमाल लावून होतो. आई खिडक्या सताड उघड्या टाकून बसली होती, छान हवा आहे म्हणाली. गावातली माणसं कणखर असतात. मी शहरात राहून नाजूक झालो.

दूध उतू जाऊन करपलं. आम्ही त्याच खोलीत बसलो होतो, पण मी व्हिनेगरच्या टक्केवारीबद्दल बोलत होतो. आई भडकली. "तुझ्या बडबडीत माझं लक्ष गेलं." खरं आहे. माझ्या बडबडीत तीस वर्षांत बऱ्याच गोष्टी करपल्या असतील.

१९ डिसेंबर

आज जे घडलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

हिपोलित नाताळचा हॅम घेऊन आला. आईने काडी घेतली, हाडाशी खुपसली, बाहेर काढली, आणि माझ्यापुढे धरली. "गेनेकला शिकू दे आता." मी हुंगलं. धूर, मीठ, तमालपत्र, आत काहीतरी गोडसर. मी सावधपणे म्हटलं, मला तर ठीक वाटतो. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "बरोबर," ती म्हणाली. "ठीक आहे. खा."

आयुष्यात पहिल्यांदा आईला माझं म्हणणं पटलं. परतताना बसमध्ये मी उगाच ताठ बसलो होतो.

१४ जानेवारी

दोन दिवस अंथरुणात. मंगळवारी आईने सॉसेज तळून दिलं होतं. पहिल्याच घासाला आंबूस वाटलं, पण तिने खास माझ्यासाठी ठेवलेलं, म्हणून संपवलं. तिचं स्वतःचं पोट बिघडलेलं नाही, कारण तिने खाल्लंच नव्हतं. फोनवर मी नुसतं म्हटलं, सॉसेज बहुतेक जुनं होतं. ती म्हणाली, "तुझं पोट लहानपणापासून तसंच."

तिला वाईट वाटलं असावं. मी उद्धट आहे.

११ फेब्रुवारी

तळघरात वाळूत पुरून ठेवलेली मुळं काढायला गेलो. स्वयंपाकघराचं दार उघडलं तर गॅसचा भपकारा आला. आई टेबलाशी बसून शांतपणे घेवडा सोलत होती. शेगडीचं एक बटण अर्धवट फिरलेलं होतं. मी ते बंद केलं, दारं-खिडक्या उघडल्या, सिलिंडरच्या जोडावर साबणाचा फेस लावून तपासलं. एकही बुडबुडा नाही. दोष बटणात होता, सैल झालंय. पक्कडीने घट्ट केलं. हे सगळं मी न घाबरता केलं हे इथे नोंदवतो, कारण दुसरं कोणी नोंदवणार नाही.

मला वाटलं होतं तितकं आईला कौतुक वाटलं नाही. तिने हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "लिदकाला सांगू नकोस."

एका बटणासाठी मी आयर्लंडला कशाला फोन करतो?

नंतर पाच नंबरची बरणी. यावेळी पावसाचं पाणी, ताजं लिंबू, चिमूटभर साखर. डंख आहे. वास नाही.

मला आता हे वाक्य झोपेतही ऐकू येतं. हे ख्शानबद्दल नसून एकूणच माझ्याबद्दल असावं असा संशय येतो.

२४ मार्च

बर्फ गेलं आणि ख्शान आला. गाजरांच्या जागी, कांद्यांच्या जागी, वाटेवर, विहिरीच्या दगडांमधून. मी पुढच्या अंगणात बडीशेप लावली होती, तिथेही. आई दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं रागावेल. ती हसली. वर्षभरात तिला हसताना मी पाहिलं नव्हतं, हेही तेव्हाच लक्षात आलं.

हिपोलितच्या स्ट्रॉबेरीत सात कोंब निघाले. त्याने ते उपटून एका कागदात बांधून माझ्या हातात दिले. तुमची मुलं आमच्याकडे आली होती, म्हणाला.

मी दिवसभर खणलं. चार हात जागा मोकळी झाली. बाग चाळीस हात लांब आहे.

८ एप्रिल

लिदका पुढच्या शनिवारी येतेय. ननना तिने तोंडी होकार दिला आहे. ईस्टरनंतर बुधवारपर्यंत खोली अडवून ठेवतील.

आईने हे ऐकलं आणि सगळं घर घासायला काढलं. फ्रीजमधलं काय फेकायचं ते तिने मला एकेक नाकाशी धरायला लावून विचारलं. तुझे डोळे चांगले आहेत म्हणाली. मी म्हटलं, हे नाकाचं काम आहे. ती म्हणाली, वाद घालू नकोस.

जाताना तिने माझी बाही धरली. ती असं कधी करत नाही. म्हणाली, "यंदाचा ख्शान नीट झाला पाहिजे, गेनेक. लिदका बघणार आहे."

सगळं माझ्यावर आहे तर. एका बरणीवरून म्हातारीचं घर ठरणार. अवघड आहे.

१५ एप्रिल

पहाटे उठून खांबाजवळचा तो एकच जुना गड्डा खणला. अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, हिपोलितच्या मोटरसायकलचा चष्मा लावून किसला. तीन मिनिटं थांबलो. व्हिनेगर, मीठ. अर्ध्यात बीट मिसळलं. माझ्या मते याहून चांगलं माझ्याच्याने होणार नाही.

आईने चाखलं. बरणीवर वाकून तिने मोठा श्वास घेतला, पुन्हा घेतला. डोळे वाहायला लागले. मी वाट बघत होतो. तिने झाकण लावलं आणि टोपलीत ठेवलं, ब्रेड, मीठ, अंडी आणि हॅमच्या शेजारी. "डंख आहे," म्हणाली. पुढचं बोललीच नाही. माझ्यावरची दया.

टोपली घेऊन चर्चच्या रांगेत उभा राहिलो. फादरनी पाणी शिंपडलं आणि आमच्या टोपलीवर तीनदा शिंकले.

दुपारी लिदका आली. बॅग दारातच ठेवून उभी राहिली, डोळे मिटले. "आईचा ख्शान," म्हणाली. "रस्त्यापासून वास येतोय. अगदी तसाच."

वीस वर्षं साय घातलेलं खाऊन तिचं नाक बिघडलंय. तिच्या मताला काय किंमत. तरी बरं वाटलं.

१६ एप्रिल, ईस्टर

सावकाश लिहितो.

सकाळी टेबलावर तिघंच. मी मुळाचे तीन काप केले. तिघांनी चावले, तिघांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग आईने अंडं कापून वाटलं. सर्वांना आरोग्य, पुढच्या वर्षी पुन्हा इथेच, असं ती दरवर्षी म्हणते. यंदा "इथेच" म्हणताना तिने लिदकाकडे पाहिलं. ओव्हनमध्ये पांढरं सॉसेज होतं.

लिदका खोलीबद्दल बोलायला लागली. बागेकडची खिडकी, रात्री नर्स असते, जेवण वेळेवर. आई तिच्यासमोर हात टेबलावर ठेवून ऐकत होती. ओव्हनकडे तिची पाठ नव्हती, ती त्याच्या जवळच बसली होती.

तेव्हा करपट वास आला. माझी मान ओव्हनकडे वळली. त्याच क्षणी लिदकाचीही. आईची वळली नाही. ती लिदकाच्या तोंडाकडेच बघत होती. मग तिने आमच्या दोघांच्या वळलेल्या माना पाहिल्या, आणि सगळ्यात शेवटी ओव्हन.

कोणी उठलं नाही. धूर दिसायला लागला तेव्हा मी उठलो.

मी ट्रे काढून खिडकीत ठेवला आणि ट्रेकडे तोंड करून उभा राहिलो. दूध. खत. सॉसेज. बटण, जे सैल नव्हतंच. आणि हॅम. हिपोलितच्या घरच्या सहा माणसांनी नाताळभर माझ्या नाकाच्या भरवशावर हॅम खाल्ला होता.

लिदकाने विचारलं, कधीपासून? आई म्हणाली, गेल्या वर्षीच्या हिवाळ्यातल्या तापापासून. ताप गेला आणि वास घेऊन गेला.

"गेनेक, तू आठवड्यातून दोनदा इथे असतोस," लिदका म्हणाली. "तुला काही कळलं नाही?"

"मी ख्शान बघत होतो."

आई माझ्याकडे वळली. तिला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "मला वाटलं तुला माहीत आहे," ती म्हणाली. "मला वाटलं चांगुलपणाने बोलत नाहीस."

आईने आयुष्यात एकदाच माझ्याबद्दल गैरसमज करून घेतला, तोही चांगला. तो असा मोडला.

लिदका रडत होती, पण आवाज शांत होता. शेगडीचं तिने विचारलं. मी बटणाचं सांगितलं. सांगायला नको होतं, पण या घरात आता न सांगितलेलं पुरे झालं होतं. ती म्हणाली, मग बुधवारी. आईने खिडकीतला ट्रे ओढून घेतला आणि सॉसेजची करपलेली बाजू सुरीने खरवडायला लागली. तिची मनगटं अजिबात दुखत नव्हती.

मी म्हटलं, बुधवारी जमणार नाही.

दोघींनी पाहिलं. मी काय बोलणार ते मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, बागेत चाळीस हात ख्शान माजलाय. तो मी पेरलाय. बसने ये-जा करून तो निघणार नाही. मला इथेच राहायला यावं लागेल. आणि खणण्यातलं मला काही कळत नाही, किसण्यातलंही नाही, मागच्या सात बरण्या साक्षीला आहेत. तेव्हा कोणीतरी डोक्यावर उभं राहून शिकवणारं हवं. ननना हे जमेल असं वाटत नाही.

"तुझ्याकडे निवडुंग मेला होता," लिदका म्हणाली.

"म्हणूनच."

"आणि तुझा फ्लॅट?"

आई सॉसेज खरवडत म्हणाली, "तिथे याची कोण वाट बघतंय."

हे मला लागलं. पण खोडून काढण्यासारखं त्यात काही सापडलं नाही.

लिदका उठून खिडकीशी गेली. बाहेर हिरवे कोंब सगळीकडे, वाटेवरसुद्धा. तिने बराच वेळ पाहिलं. अवगुण इतका उपयोगी पडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेवटी तिने विचारलं, मला नाही, आईला. हा शिकेल?

आईने सुरी पुसली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, विकत घ्यायच्या कोंबडीला बघतात तसं.

"डोकं कमी आहे," ती म्हणाली. "दहा वर्षं लागतील."

लिदका हसली की रडली ते ठरवता आलं नाही. ख्शानची बरणी उघडीच होती.

२९ एप्रिल

लिदकाच्या अटी पाळल्या. सिलिंडर गेला, विजेची शेगडी आली. आईला ती आवडत नाही. ज्वाला नाही, कसली शेगडी. धूर ओळखणारी एक डबीही छताला लावली. मी टोस्ट केले की ओरडते.

माझी पुस्तकं सात खोक्यांत आली. रेडिओ फ्लॅटमध्येच राहिला, आणायचं सुचलं नाही. फ्लॅट सोडणं हा त्यागच म्हणायचा. अजून त्रास व्हायला लागलेला नाही, होईल.

हिपोलितला हॅमबद्दल सगळं कबूल केलं. तो म्हणाला, हॅम चांगला होता. पुढच्या डिसेंबरातही आणेन.

९ मे

नऊ हात जागा खणून झाली. मागे वळून पाहिलं तर पहिल्या दोन हातांत पुन्हा कोंब.

आई आज सूप करत होती. मी बाहेर मातीत गुडघ्यांवर होतो. तिने झाकण उचललं, वाकली, सरळ झाली आणि खिडकीतून हाक मारली. पूर्वी अशीच ती वडिलांना पक्कड आण म्हणायची.

"गेनेक. नाक."

हात धुतले आणि गेलो.